चर्चेच्या वेळी मॉडेल जागेवरच असते: पुण्यातील एका मानवाकृती रेखाटन वर्गाविषयी

पुण्यात सदाशिव पेठेतील एका जुन्या शाळेच्या पहिल्या मजल्यावर दर रविवारी सकाळी साडेसात ते अकरा या वेळेत मानवाकृती रेखाटनाचा एक वर्ग चालतो. त्याचे २४ रविवारांचे एक सत्र मी नुकतेच पूर्ण केले. वर्गात सोळाच जणांना प्रवेश असतो आणि पुढच्या सत्राच्या जागाही भरून गेल्या आहेत, त्यामुळे नाव आणि पत्ता कुठे देऊ नये अशी वर्ग चालवणाऱ्या बाईंची विनंती आहे आणि ती मी पाळते आहे. तरीही हा अभिप्राय लिहावासा वाटला, कारण दुसऱ्याच्या चित्रावर बोलण्याची आणि ते बोलणे लगेच हाताने तपासून पाहण्याची जी पद्धत मला तिथे मिळाली, ती मी याआधी कुठेही पाहिली नव्हती. आपल्या गावात असा वर्ग शोधणाऱ्याला नेमके काय विचारावे हे त्यावरून ठरवता येईल.

माझी पूर्वतयारी किती होती हे आधी सांगायला हवे. शाळेत असताना मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ड्रॉइंग ग्रेड परीक्षा दिल्या होत्या. त्यातल्या स्मरणचित्राच्या पेपरसाठी आम्ही माणसे अक्षरशः पाठ करत असू. कमरेवर घागर घेतलेली बाई, जत्रेतला फुगेवाला, बसथांब्यावर छत्री धरून उभा असलेला गृहस्थ अशा दहा-बारा आकृत्या हातात बसल्या की कोणताही विषय आला तरी निभावून नेता येई. त्या परीक्षांनी मला रंगाची आणि मांडणीची गोडी लावली, त्याबद्दल मी कृतज्ञच आहे. परंतु त्या आकृत्या कुणाकडे पाहून काढलेल्या नसत. परिणामी तीस वर्षांनी समोर खराखुरा माणूस बसला तेव्हा डोळे त्याच्याकडे आणि हात मात्र त्या पाठ केलेल्या फुगेवाल्याकडे, अशी माझी अवस्था झाली. डोळे डोक्याच्या साधारण निम्म्या उंचीवर असतात हे ठाऊक असूनही मी ते कपाळाकडे सरकवत असे, डोके मोठे काढत असे आणि हातापायांचे पंजे लहान करत असे. नवशिक्या माणसाचे हे दोष सगळीकडे सारखेच असतात असे पुढे समजले.

या वर्गाआधी मी शहरातल्याच दुसऱ्या एका ठिकाणी चार महिने जात होते. तिथले सर उत्तम चित्रकार होते. ते माझ्यामागे येऊन उभे राहत, हातातून पेन्सिल घेत, माझा चुकलेला खांदा खोडत आणि योग्य खांदा काढून पुढे जात. घरी नेल्यावर चित्र सुधारलेले दिसे, घरचे ‘छान’ म्हणत. पण पुढच्या कागदावर तोच खांदा तसाच चुके, कारण सरांना काय दिसले होते ते मला कळलेलेच नसे. त्या चार महिन्यांची खंत मला आजही वाटते. कागदांचा गठ्ठा भरपूर जमला, पण त्यातल्या किती रेषा माझ्या होत्या हे सांगता येत नाही.

आताच्या वर्गात बाई कुणाच्याही कागदाला हात लावत नाहीत. दाखवायचेच असेल तर शेजारी स्वतःचा छोटा कागद धरून त्यावर दाखवतात आणि दाखवून झाल्यावर तो कागद घडी घालून पिशवीत ठेवतात, म्हणजे त्याची नक्कल करता येत नाही.

रविवारचा क्रम ठरलेला असतो. पहिला अर्धा तास तीस सेकंदांपासून दोन मिनिटांपर्यंतच्या झटपट ढबींचा (ढब म्हणजे मॉडेलने स्थिर राहून घेतलेली पोझ), त्यानंतर पाच-पाच मिनिटांच्या चार ढबी, मग मॉडेलला पुरेशी विश्रांती आणि नंतर एकच दीर्घ ढब, वीस मिनिटांच्या तीन टप्प्यांत. विश्रांतीला जाण्यापूर्वी पावलांभोवती आणि टेकलेल्या हाताभोवती खडूने खुणा केल्या जातात, म्हणजे परत आल्यावर त्याच जागी उभे राहता येते. न्यूजप्रिंटचा स्वस्त कागद आणि चारकोलची कांडी एवढेच साहित्य लागते. पहिले आठ रविवार खोडरबर आणण्याची परवानगी नाही. चुकलेली रेषा कागदावर तशीच राहू द्यायची आणि शेजारी दुसरी काढायची, कारण पहिली रेषा दिसत राहिली तरच दुसरी किती सरकवायची हे ठरवता येते, हे कारण बाईंनी पहिल्याच दिवशी समजावून सांगितले होते. तीस सेकंदांत तर चेहरा, बोटे, केस यांतले काहीच काढता येत नाही. तेवढ्या वेळात एकाच प्रश्नाचे उत्तर कागदावर यायला हवे असते: ‘वजन कुठं आहे?’ हा प्रश्न त्या सभागृहात एका सकाळी वीस वेळा तरी ऐकू येतो.

माझ्या मते या वर्गाचे खरे मोल शेवटच्या पाऊण तासात आहे. दीर्घ ढब संपल्यावर चहा होतो, सोळाही कागद भिंतीवरच्या दोरीला चिमट्यांनी लावले जातात आणि चर्चा सुरू होते. बोलणाऱ्याने जागेवरून बोलायचे नाही, उठून कागदाजवळ जायचे आणि बोटाने जागा दाखवायची. ‘आवडलं’, ‘जमलंय’, ‘काहीतरी खटकतंय’ हे शब्द वापरायचे नाहीत. जे दिसते ते साध्या वाक्यात सांगायचे आणि ते खरे आहे की नाही हे कसे मोजता येईल तेही सांगायचे. ज्याचे चित्र असेल त्याने मध्ये बोलायचे नाही, स्पष्टीकरण द्यायचे नाही. शेवटी त्याला वेळ मिळतो. मुख्य म्हणजे चर्चा चालू असताना मॉडेल निघून गेलेले नसते. दोन मते पडली की मॉडेल खडूच्या खुणांवर पुन्हा तसेच उभे राहते आणि वाद तिथेच मिटतो. त्यानंतरची दहा मिनिटे सगळ्यांनी नव्या कागदावर तीच ढब पुन्हा काढायची. ऐकलेली सूचना डोक्यात ताजी असते आणि समोर माणूस असतो, त्यामुळे ती सूचना केवळ ऐकलेली राहत नाही.

सातव्या रविवारी माझ्या कागदाची पाळी आली. त्या दिवशी मॉडेल म्हणून साठीच्या एक मावशी होत्या. वर्गात सगळे मॉडेलना मावशी किंवा काका असेच म्हणतात. त्या नऊवारी नेसून, डाव्या पायावर भार देऊन आणि उजव्या हाताची बोटे खुर्चीच्या पाठीवर टेकवून उभ्या होत्या. माझे रेखाटन मला बरे वाटत होते. कासोट्याच्या चुण्या, गळ्यातली पोत, दंडावरचे गोंदण असे सारे त्यात आले होते. एका कॉलेजच्या मुलीने उठून सांगितले, ‘ताई, या पडतायत असं वाटतंय.’ बाईंनी तिला तिथेच थांबवले. ‘वाटतंय नको. कुठून पडतायत ते दाखव.’ मुलगी गोंधळली, मग तिने पेटीतला ओळंबा काढला. गवंड्यांकडे असतो तसाच पितळी ओळंबा वर्गात दोऱ्याला बांधून ठेवलेला आहे. मावशी पुन्हा उभ्या राहिल्या. मुलीने हात लांब करून दोरा त्यांच्या गळ्याच्या खाचेवर, म्हणजे दोन हासळ्यांच्या मधल्या खळगीवर धरला, आणि खाली पाहिले तर दोरा डाव्या पायाच्या आतल्या घोट्यावरून जात होता. मग तोच ओळंबा माझ्या कागदावर धरला. तिथे तो दोन्ही पावलांच्या मधल्या मोकळ्या जागेत, घोट्यापासून चांगला दोन बोटे दूर उतरला.

एका पायावर भार घेऊन उभा असलेला माणूस तोल सांभाळतो तो असाच. भार घेतलेल्या बाजूची कंबर वर उचलली जाते, दुसऱ्या बाजूची खाली उतरते, आणि त्याची भरपाई म्हणून खांद्यांची रेषा बहुधा उलट दिशेने कलते. मी मावशींची कंबर आणि खांदे दोन्ही पट्टीने आखल्यासारखे आडवे काढले होते, पण पाय मात्र मोकळा सोडला होता, म्हणून त्या पडत होत्या. त्यानंतरच्या दहा मिनिटांत मी नवा कागद घेतला, पोत आणि गोंदण सोडून दिले, आधी दोरा मनात धरला, मग कमरेची तिरकी रेषा, मग खांद्यांची. कासोटाही तेव्हाच पहिल्यांदा समजला. भाराच्या पायावर कापड कमरेपासून सरळ खाली आले होते आणि सैल सोडलेल्या पायाचा गुडघा जिथे पुढे आला होता तिथून चुण्या फाकत गेल्या होत्या. आधी मी चुण्या पाहून चुण्या काढल्या होत्या, आतल्या गुडघ्याचा विचारच केला नव्हता. तो दुसरा कागद दिसायला अगदी कच्चा आहे, पण त्यावरच्या मावशी उभ्या आहेत.

सोळा जणांमध्ये प्रत्येकाचा आजार वेगळा आणि औषधही वेगळे असते, हे बाईंनी चांगले ओळखले आहे. आमच्यात एक निवृत्त इंजिनियर काका होते. ते हात ताठ ठेवून, एक डोळा मिटून, पेन्सिलीने प्रत्येक अवयव मोजत. कोपर जरा वाकले तरी माप बदलते, हे आम्हा सर्वांना त्यांनीच शिकवले. त्यांची मापे अचूक येत, पण आकृती दुकानातल्या पुतळ्यासारखी दिसे. बाई त्यांना म्हणाल्या, ‘काका, मापं बरोबर आहेत. आता तीन रविवार मोजायचं नाही.’ त्या तीन रविवारांत काकांना दीर्घ ढबीच्या वेळीही तीस सेकंदांची रेखाटने करत बसावे लागले आणि त्यांची रेषा खरोखर सैलावली. ओळंबा धरणाऱ्या त्या मुलीची रेषा मुळातच देखणी होती, पण तिच्या प्रत्येक चित्रात हात खिशात, पाठीमागे किंवा पदराखाली असत. हे एका विद्यार्थ्यानेच हेरले. तिला आठवड्याला पन्नास हातांचे काम मिळाले. स्वतःचा डावा हात कायम उपलब्ध असतोच.

प्रमाणांविषयी एक रविवार ठेवला होता, तो मला फार आवडला. सर्वसाधारण प्रौढ माणूस सुमारे साडेसात डोकी उंच धरला जातो, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. बाईंनी त्याशेजारी आपल्या शिल्पशास्त्रातले तालमान मांडले. त्यात हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंतचा चेहरा म्हणजे एक ताल, ताल बारा अंगुलांचा आणि नवताल मूर्ती १०८ अंगुलांची. देवाची मूर्ती घडवताना ते माप पाळायचेच असते, कारण तिथे कुणा एका व्यक्तीचे शरीर अभिप्रेत नसते. हे सांगून झाल्यावर त्यांनी आम्हाला मावशींना मोजायला लावले. मावशी पावणेसात डोक्यांहून जास्त भरल्या नाहीत. वयाबरोबर मणक्यांमधल्या चकत्या दबतात, पाठीला बाक येतो आणि उंची कमी होते. साडेसातचा तक्ता डोक्यात ठेवून मावशींना काढले की त्या आपोआप तरुण होतात. माझ्या पहिल्या काही कागदांवर त्या चाळिशीच्या का दिसतात, हे मला त्या दिवशी उमगले.

बाई स्वतः मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या आहेत आणि त्या परंपरेविषयी ममत्वाने बोलतात. १८५७ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत चित्रकार-शिक्षक ग्लॅडस्टन सॉलोमन १९१९ साली आल्यानंतर विवस्त्र मॉडेलवरून अभ्यास करण्याचा वर्ग रीतसर उभा राहिला. सावळाराम हळदणकरांसारखे मानवाकृतीवर असामान्य पकड असलेले चित्रकार त्याच संस्थेत घडले. या इतिहासात चित्रकारांची नावे आपल्याला माहीत असतात, तासन्‌तास स्थिर बसलेल्या मॉडेलची नसतात. या वर्गात मॉडेलचे मानधन किती हे फळ्यावर लिहिलेले असते, ते चहाच्या आधी दिले जाते, मोबाईल दाराजवळच्या पेटीत ठेवावे लागतात आणि चर्चेत मॉडेलच्या शरीराविषयी एकही शब्द बोललेला चालत नाही. बोलायचे ते कागदाविषयी. एकदा मावशींनी भिंतीवरचा एक कागद पाहून ‘माझा हा खांदा जरा वर असतो, लहानपणी पडले होते’ असे सांगितले आणि सोळापैकी फक्त दोघांनी तो वर काढला असल्याचे दिसून आले. त्या दिवसाची सर्वांत नेमकी सूचना ती होती.

इथे मॉडेल वस्त्रांतच असतात, त्यामुळे धडाची रचना नीट दिसत नाही ही मर्यादा आहे. ती काही अंशी भरून काढण्यासाठी सत्रात दोन रविवार जवळच्या तालमीतले एक पैलवान लंगोट लावून येतात. त्यांनी हात डोक्यावर नेला तेव्हा खांद्याचे पाते पाठीवर कसे फिरते हे मी पहिल्यांदा पाहिले. हात पूर्ण वर नेण्याच्या हालचालीतला जवळपास एक तृतीयांश वाटा या पात्याच्या फिरण्याचा असतो. ते जागच्या जागी ठेवून नुसता दंड वर वळवला की हात बाहुलीच्या हातासारखा चिकटवलेला दिसतो. असे आणखी दोन-तीन रविवार असते तर फार बरे झाले असते.

उणिवा आहेत आणि त्या मी बाईंनाही सांगितल्या आहेत. सभागृहातला प्रकाश वरच्या ट्यूबलाइटचा, म्हणजे सगळीकडून सारखाच येतो. छाया पसरट पडतात आणि आकाराची गोलाई कळत नाही. एका बाजूला एकच दिवा लावून खिडक्यांना पडदे लावले तर हा प्रश्न अल्प खर्चात सुटेल. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. पाऊण तासात सोळा कागद होत नाहीत. पहिल्या पाच-सहा कागदांवर सविस्तर बोलणे होते आणि दोरीच्या टोकाला लागलेल्या शेवटच्या चार जणांच्या वाट्याला दोन-दोन मिनिटे येतात. क्रम दर आठवड्याला बदलतो, पण तरीही ज्याची पाळी हुकली त्याचा तो रविवार अर्धा वाया जातो, कारण या वर्गात शिकण्याचा मोठा भाग त्या चर्चेतच आहे. दर वेळी आठच कागद घ्यावेत आणि उरलेले पुढच्या रविवारी, अशी सूचना मी केली आहे. कोपऱ्यात हाडांचा पूर्ण सापळा टांगलेला आहे, तो सत्रात तीनदाच वापरला गेला. घरी केलेला सराव तपासण्याची सोय नाही. जिना उंच आणि लाकडी आहे, गुडघेदुखी असलेल्यांनी याचा विचार करावा. पावसाळ्यात न्यूजप्रिंट सादळते आणि चारकोल त्यावर धरत नाही, तेव्हा कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणावा.

२४ रविवारांचे शुल्क ९,६०० रुपये होते, त्यात मॉडेलचे मानधन आणि चहा धरलेला आहे. कागद-कोळसा आपला आपण आणायचा. मला ते रास्त वाटले. ज्यांना घरी नेऊन चौकटीत लावण्याजोगे चित्र हवे आहे त्यांनी इथे येऊ नये, कारण सहा महिन्यांत माझ्याकडे असे एकही चित्र तयार झाले नाही. पाहायला शिकायचे असेल आणि आपल्या कागदासमोर उभे राहून दुसऱ्याने बोट ठेवलेले सोसण्याची तयारी असेल, तर मी या वर्गाची मनापासून शिफारस करते. दुसऱ्या गावात असा वर्ग निवडणाऱ्याने तिथल्या शिक्षकांची चित्रे पाहण्यापेक्षा एक दिवस मागे बसून चर्चा कशी होते ते ऐकावे, आणि चर्चेनंतर तीच ढब पुन्हा काढायला वेळ मिळतो का, हे आवर्जून विचारावे.

शेवटच्या रविवारी मावशी पुन्हा सातव्या रविवारच्याच ढबीत उभ्या राहिल्या. मी जुना कागद मुद्दाम सोबत नेला होता आणि दोन्ही शेजारी शेजारी लावले. ओळंबा घोट्यावर उतरला, कंबर आणि खांदे आपापल्या बाजूंना कलले होते. मी समाधानाने उभी असतानाच काका उठले, कागदाजवळ आले आणि त्यांनी उजव्या पावलावर बोट ठेवले. ‘ताई, पाऊल साधारण कोपरापासून मनगटापर्यंतच्या लांबीएवढं असतं. तुमचं मोजून बघा.’ मोजले, तर ते बोटभर आखूड होते. पुन्हा काढायच्या दहा मिनिटांत त्या दिवशी निरोपाचे पेढे वाटले गेले, म्हणून सोमवारी संध्याकाळी मी घरी आरसा जमिनीवर तिरका टेकवला, उजवे पाऊल त्याच्यासमोर ठेवले आणि त्यावरून ते पाऊल तीन वेळा काढले.